तंबूचीं दोन दारें

परवां आमच्या आप्तांपैकीं एकांकडे मुंज होती. पंक्ती उठल्या होत्या, विडे वांटून झाले होते आणि यजमान सोडून बाकी सर्व मंडळी सतरंजीवर ऐसपैस टेकली होती. अशा सुस्त वेळीं मोठ्या माणसांना करमणुकीसाठीं एखादें लहान मूल लागतें. त्या दिवशीं तें मूल म्हणजे माझा सात वर्षांचा नातू होता. सकाळच्या मातृभोजनाचा विषय निघाला, बटूच्या आईचे डोळे कसे भरून आले होते याचें वर्णन झालें, आणि त्यावरूनच कीं काय, एका गृहस्थांनीं माझ्या नातवाला जवळ ओढून विचारलें, "काय रे, खरं सांग हं. तुला आई जास्त आवडते कीं बाबा?"

हा प्रश्न आपल्याकडे किती पिढ्या विचारला जात आहे कोण जाणे! लहानपणीं तो मला विचारण्यांत आला होता, आणि मोठेपणीं मींही तो अनेकांना विचारला आहे. त्याचें उत्तर खरोखर कोणालाच नको असतें. मूल गोंधळतें, आईकडे पाहतें, बापाकडे पाहतें, आणि हुषार असलें तर "दोघंही" म्हणून आपली सुटका करून घेतें. मग सगळे हंसतात, त्याच्या हातावर लाडू ठेवतात आणि खेळ संपतो. परंतु माझ्या नातवाच्या बाबतींत हा खेळ नव्हता. गेलें वर्षभर त्याच्या आईबापांचे संसार दोन घरांत चालले आहेत. सोमवार ते शुक्रवार तो आईकडे असतो आणि शनिवार-रविवार आमच्याकडे. विचारणाऱ्या गृहस्थांना हें ठाऊक नसावें. ठाऊक असलें तर मग बोलणेंच खुंटलें. पोरानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, मग कार्यालयाच्या दाराकडे पाहिलें, आणि एक अक्षर न बोलतां भिंतीशीं रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मागें जाऊन तो बसला. अर्धा तास तो बाहेर आला नाहीं.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती टाळली तर पुढचें सारें लिहिणें खोटें होईल. त्या गृहस्थांचा मला राग यावयास हवा होता. तो आला, पण मागाहून. प्रश्न विचारला गेला त्या क्षणीं मीं कान टवकारले होते. मला उत्तर हवें होतें. त्यानें सर्वांच्या देखत "बाबा" म्हणावें आणि कोणीतरी तें त्याच्या आईच्या कानांवर घालावें, अशी एक क्षुद्र हांव माझ्या मनांत उभी राहिली होती. माझें वय ऐशीच्या घरांत आहे. जवळजवळ चाळीस वर्षें मीं शाळेंत इतिहास शिकविला आहे. असा मी, एका सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून आपल्या बाजूचें मत काढून घेण्यासाठीं टपून बसलों होतों! हें ध्यानांत आल्यावर रात्रीं मला झोंप येईना. आणि त्या जागरणांत मला माझ्या मामांची आणि त्यांच्या तंबूची आठवण झाली.

माझे मामा लष्करांत कारकून होते. बंदुकीपेक्षां टांकाशींच त्यांचा संबंध अधिक. १९५३ च्या पावसाळ्याच्या अखेरीस ते कोरियाला गेले आणि पुढच्या वर्षीं परत आले. त्या वेळीं मी नऊ वर्षांचा होतों. मामा लढाईहून आले म्हणून आम्हीं भाच्यांनीं त्यांच्याभोंवतीं कोंडाळें केलें. पण तोफा, विमानें, रणगाडे यांपैकीं कांहींच त्यांच्याजवळ सांगण्यासारखें नव्हतें. ते म्हणाले, "लढाई मी पाहिलीच नाहीं रे. मी गेलों तेव्हां ती थांबली होती. मी पाहिला तो एक तंबू." आमचा अगदीं हिरमोड झाला.

पुढें मात्र मामांची एक तऱ्हा आमच्या लक्षांत आली. घरांत कोणीं एखाद्या मुलाला "आई कीं बाबा" असें विचारलें कीं मामा हातांतली चहाची कपबशी खालीं ठेवीत आणि मुकाट्यानें उठून बाहेर जात. "मामा जरा तऱ्हेवाईकच आहेत" एवढेंच आम्ही म्हणत असूं. त्यांचा तंबू आणि ही तऱ्हा यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, हें मला फार उशिरां, मी स्वतः वर्गांत कोरियाचें युद्ध शिकवूं लागल्यावर कळलें.

तें युद्ध २५ जून १९५० रोजीं सुरू झालें. दुसरें महायुद्ध संपतांना कोरिया जपानच्या हातून सुटला, परंतु सुटतांनाच त्याचे ३८ व्या अक्षांशावर दोन तुकडे झाले. वरचा तुकडा रशियाच्या छायेखालीं गेला आणि खालचा अमेरिकेच्या. पांच वर्षांनीं उत्तरेच्या फौजा ती रेषा ओलांडून खालीं उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखालीं अमेरिका आणि तिचीं मित्रराष्ट्रें दक्षिणेच्या मदतीस धांवून गेलीं. तीं थेट यालू नदीच्या दिशेनें चढूं लागतांच चीनचें सैन्य नदी उतरून आलें. वर्षभर ही ओढाताण चालली, आणि शेवटीं दोन्ही फौजा जवळजवळ जेथून निघाल्या तेथेंच येऊन ठेपल्या. साम्यवादी आणि भांडवलशाही या दोन गोटांनीं एकमेकांचें बळ अजमावून पाहिलें, आणि या रणांगणावर तरी दुसऱ्याला लोळवितां येणार नाहीं हें दोघांनाही उमगलें.

जुलै १९५१ मध्यें तहाचीं बोलणीं सुरू झालीं. १९५२ च्या मे महिन्यापर्यंत बहुतेक कलमें मिटलीं होतीं. एक कलम मात्र मिटेना. त्या एका कलमापायीं युद्ध आणखी वर्षभराहून अधिक काळ चालूं राहिलें आणि दोन्हीकडचीं हजारों माणसें मेलीं. तें कलम जमिनीचें नव्हतें, पैशाचेंही नव्हतें. तें कैद्यांचें होतें.

युद्ध संपलें कीं कैदी घरीं जातात, यांत भांडण्यासारखें काय आहे, असें कोणासही वाटेल. १९४९ च्या जिनीव्हा करारांतही तसेंच लिहिलें होतें: लढाई थांबतांच कैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशीं पाठवावें. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत, करारांत आहे तसें करा आणि आमचे सर्व कैदी परत द्या. अमेरिका म्हणे, ज्याला परत जावयाचें नाहीं त्याला आम्ही बळजबरीनें पाठविणार नाहीं. तिच्या ताब्यांत दीड लाखाहून अधिक कैदी आणि स्थानबद्ध होते. १९५२ च्या एप्रिलमध्यें त्यांची विचारपूस करण्यांत आली, आणि परत जाऊं इच्छिणारे सुमारें सत्तर हजारच आहेत असें समोरच्या पक्षाला कळविण्यांत आलें. तो आंकडा त्या पक्षाला भर सभेंत मारलेल्या चपराकीसारखा लागला.

यांत कोणाची बाजू खरी, असा प्रश्न मी वर्गांत टाकीत असें, आणि वर्ग नेमका दोन तट करून भांडत असे. अमेरिकेच्या म्हणण्यांत माणुसकी नव्हती असें नाहीं. १९४५ मध्यें पाश्चात्त्य राष्ट्रांनीं आपल्या हातीं आलेल्या रशियन कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध स्टॅलिनच्या स्वाधीन केलें होतें, आणि त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला घर न येतां श्रमछावणी आली होती. ती आठवण अध्यक्ष ट्रूमन यांच्या मनांत ताजी होती. शिवाय चिनी कैद्यांतले पुष्कळजण पूर्वीं चँग कै-शेकच्या फौजेंत असलेले शिपाई होते. यादवी युद्धांत बाजू पालटली तशी त्यांची टोपी पालटली होती, एवढेंच. उलट चीनच्या म्हणण्यांतही तथ्य होतें. परक्याच्या तारेच्या कुंपणाआड, परक्याच्या संगिनीखालीं उभ्या असलेल्या माणसानें दिलेलें उत्तर हें त्याचें उत्तर कसें मानावयाचें? दोन्ही पक्षांजवळ एकेक खरी गोष्ट होती. आणि दोघांनींही आपापल्या खऱ्या गोष्टीची काठी केली होती.

कारण त्या कुंपणांच्या आंत काय चाललें होतें पाहा. कोजे नांवाच्या बेटावर कैद्यांची प्रचंड छावणी होती. तेथें तारेच्या आंत दुसरेंच एक युद्ध पेटलें होतें. कांहीं आवारांत साम्यवादी पुढाऱ्यांचें राज्य, कांहींत त्यांच्या वैऱ्यांचें. दोन्हीकडे रात्रीं "न्यायनिवाडे" होत आणि सकाळीं प्रेतें सांपडत. ७ मे १९५२ रोजीं तर साम्यवादी कैद्यांनीं छावणीच्या अमेरिकन सेनापतीलाच धरून आंत ओढलें आणि तीन दिवस अडकवून ठेविलें. पलीकडच्या आवारांत साम्यवादाचा धिक्कार करणारीं अक्षरें कैद्यांच्या अंगावर गोंदण्यांत येत. कोणी तीं हौसेनें गोंदून घेई. कोणाला चौघे धरीत आणि पांचवा सुई चालवी. आमच्या आजीच्या हातावर तुळशीचें रोप गोंदलेलें होतें. मरतांना बरोबर येणारा तेवढा एकच दागिना, असें ती म्हणे. तिच्या गोंदणाशीं त्या गोंदणाची तुलना केली म्हणजे अंगावर कांटा येतो. तीं अक्षरें घेऊन तो मनुष्य गांवीं कसा जाणार? एकदां उत्तर कातडीवरच लिहून टाकलें म्हणजे पुन्हां प्रश्न विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

या पेंचांतून वाट काढण्याचें काम भारताकडे आलें. कृष्ण मेनन यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत एक तोड सुचविली, आणि ३ डिसेंबर १९५२ रोजीं ती ५४ विरुद्ध ५ मतांनीं मान्य झाली. विरुद्ध मतें रशियाच्या गोटाचीं होतीं. चीननेंही ती झिडकारली. परंतु मार्च १९५३ मध्यें स्टॅलिन वारला, वारें फिरलें, आणि ८ जूनला जवळजवळ तीच तोड दोन्ही पक्षांनीं पत्करली. जे कैदी परत जाण्यास राजी नाहींत त्यांना पांच तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे सोंपवावयाचें; स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, झेकोस्लोव्हाकिया आणि अध्यक्षस्थानीं भारत. पहारा एकट्या भारताच्या शिपायांनीं करावयाचा. मग नव्वद दिवसांपर्यंत त्या त्या देशाच्या प्रतिनिधींनीं येऊन आपल्या माणसांना समजावयाचें कीं, बाबांनो, घरीं या, तुम्हांला भय नाहीं.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना हें मुळींच रुचलें नाहीं. १८ जूनला त्यांनीं एका रात्रींत छावण्यांचीं दारें उघडवून पंचवीस हजारांहून अधिक उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले. तरीही २७ जुलै १९५३ रोजीं युद्धविराम झाला. तेव्हां ऱ्ही यांनीं दुसरी प्रतिज्ञा केली कीं, एकाही भारतीय शिपायाचें पाऊल माझ्या भूमीला लागूं देणार नाहीं. त्यामुळें आमच्या लोकांना इंचॉन बंदराहून हेलिकॉप्टरमध्यें बसवून दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यांत नेऊन उतरवावें लागलें. मामा म्हणत, "आयुष्यांत एकदांच हवेंत उडालों, तो एका म्हाताऱ्याच्या हट्टापायीं!"

मंडळाचे अध्यक्ष कूर्गचे लेफ्टनंट जनरल थिमय्या होते. सुमारें सहा हजार शिपायांच्या रक्षक दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. त्यांच्या हवालीं दक्षिणेकडून २२,६०४ कैदी आले. त्यांत १४,७०४ चिनी आणि ७,९०० उत्तर कोरियन. उत्तरेकडूनही ३५९ आले. त्यांत ३३५ दक्षिण कोरियन, २३ अमेरिकन आणि एक इंग्रज. म्हणजे घरीं जावयास नको म्हणणारे दोन्हीकडे होते. पहारा देण्याचें हें काम किती बिकट होतें, याची कल्पना एका प्रसंगावरून येईल. चिनी कैद्यांनीं आमच्या एका अधिकाऱ्याला पकडून आवारांत अडकवून ठेविलें, तेव्हां थोरात स्वतः निःशस्त्र आंत गेले, त्या खवळलेल्या जमावांत उभे राहिले आणि आपला माणूस सोडवून घेऊन बाहेर आले. सर्वच प्रसंग असे सुखरूप पार पडले नाहींत. ऑक्टोबरच्या आरंभीं आमच्या शिपायांना गोळी झाडावी लागली आणि कांहीं कैदी मेले. त्या दिवसांविषयीं मामा कधीं बोलत नसत.

१५ ऑक्टोबरपासून समजुतीचे तंबू सुरू झाले. मामांचें टेबल त्यांतल्या एका तंबूंत होतें. समोर समजावणारे अधिकारी, बाजूला पांच तटस्थ राष्ट्रांचे प्रतिनिधी, त्यांच्या जोडीला दुभाषे आणि दोन्ही पक्षांचे निरीक्षक. मध्यें कैद्यासाठीं एक खुर्ची. बाहेर पडावयास दोन दारें. एक मायदेशीं जाणाऱ्यांचें आणि दुसरें न जाणाऱ्यांचें. मामा म्हणत, "तंबूला बाजू चार असतात. पण त्या तंबूला दारं मात्र दोनच ठेवलीं होतीं." बहुतेक कैदी दोन्ही दंड आमच्या शिपायांनीं धरलेल्या स्थितींतच आंत येत. कोणी घोषणा देत, कोणी कानांवर हात ठेवीत, कोणी समजावणाऱ्यावर थुंकत, कोणी खुर्ची उचलून फेंकीत. एकेकाशीं केव्हां केव्हां तासन्‌तास बोलणें चाले.

त्या साऱ्या गर्दींतून मामांनीं मला एकाच कैद्याची गोष्ट सविस्तर सांगितली, आणि तीही मी पन्नाशी गांठल्यावर. वीसएक वर्षांचा चिनी पोरगा. तो आला, गुपचूप खुर्चीवर बसला. समजावणारा वयस्क होता आणि हळू आवाजांत बोलत होता. दुभाष्यानें मागाहून सांगितलें कीं, पीक कसें आलें आहे, घरच्यांना जमीन कशी मिळाली आहे, आई कशी वाट पाहात आहे, असें तें बोलणें होतें. पोराच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहूं लागलें. तोंडून शब्द नाहीं. बऱ्याच वेळानें तो उठला, दोन्ही दारांकडे त्यानें एकदां पाहिलें, आणि छावणीकडच्या दारानें निघून गेला. बाहेर पाऊल पडतें न पडतें तोंच त्याच्या घोषणा ऐकूं येऊं लागल्या. इतरांपेक्षां वरच्या पट्टींत. आवारांतल्या सोबत्यांना त्या ऐकूं जावयास हव्या होत्या ना!

"आंत रडत होता तो खरा कीं बाहेर ओरडत होता तो खरा?" मामा म्हणाले. "मी माझ्या वहींत लिहिलं, 'नकार.' रकान्यांत जागाच तेवढी होती."

आणि आमच्या लोकांना मिळालें काय? दोन्हीकडच्या शिव्या. कैदी तंबूंत येण्यास नाकारूं लागले तेव्हां बळ वापरून त्यांना आणा, असा उत्तरेचा आग्रह पडला. पोलंड आणि झेकोस्लोव्हाकिया यांनीं त्याला दुजोरा दिला. स्वीडन आणि स्वित्झर्लंड म्हणाले, बळ वापरतां कामा नये. बोलणें ऐकविण्यासाठीं माणसें मारावयाचीं नाहींत, असेंच थिमय्यांनींही ठरविलें. उत्तर म्हणाली, हे अमेरिकेचे हस्तक. दक्षिण आधींपासूनच म्हणत होती, हे साम्यवाद्यांचे मित्र. नव्वद दिवसांपैकीं प्रत्यक्ष समजूत चालली ती अवघे दहा दिवस. २३ डिसेंबरला मुदत संपली. २० जानेवारी १९५४ पासून कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याकडे परत करण्यांत आले. बावीस हजारांतून मायदेशीं गेले ते सहाशेंहून थोडे अधिक. चौदा हजारांहून अधिक चिनी तैवानला गेले, आणि तेथें २३ जानेवारी हा स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळला जाऊं लागला. उत्तरेकडच्या ३५९ पैकीं ३४७ तिकडेच राहिले, त्यांत २१ अमेरिकन आणि तो एकुलता इंग्रज. म्हणजे प्रत्येक गोटाला मिरविण्यापुरतीं उत्तरें मिळालीं.

मात्र अठ्ठ्यायशीं जणांनीं दोन्ही दारें नाकारलीं. शहात्तर कोरियन आणि बारा चिनी. आम्हांला उत्तर नको, दक्षिण नको, एखाद्या तटस्थ देशांत पाठवा, असें त्यांनीं सांगितलें. १९५४ च्या फेब्रुवारींत ते आमच्या शिपायांबरोबर जहाजानें भारतांत आले. पुढें बहुतेकजण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले. थोडे येथेंच स्थायिक झाले. चोई इन-हुन या कोरियन लेखकानें १९६० मध्यें अशाच एका कैद्यावर "चौक" या अर्थाच्या नांवाची कादंबरी लिहिली. तिचा नायक तटस्थ देश निवडतो, परंतु त्या देशीं पोंचत नाहीं. वाटेंतच समुद्रांत नाहींसा होतो. तिसरें दार उघडलें तरी त्याच्यापलीकडे घर असतेंच असें नाहीं, हें त्या लेखकाला कळलें होतें.

उत्तर दिल्यानंतर त्या माणसांचें काय झालें, हें मी पुढें शोधून शोधून वाचलें. तेवीस अमेरिकनांपैकीं दोघांनीं मन बदललें आणि ते स्वदेशीं गेले. तेथें लष्करी न्यायालयानें त्यांना तुरुंगांत घातलें. राहिलेल्या एकवीसांपैकीं बहुतेक पुढें एकेक करून चीनमधून बाहेर पडले. सहा हजारांहून अधिक चिनी कैदी मायभूमीवर श्रद्धा ठेवून परत गेले होते. शत्रूच्या हातीं जिवंत सांपडलेच कसे, म्हणून त्यांच्यावर जन्माचा संशय बसला, आणि त्या अन्यायाचें परिमार्जन व्हावयास १९८० साल उजाडावें लागलें. तैवानला गेलेल्यांना चीनमधल्या आप्तांना भेटण्याची परवानगी १९८७ मध्यें मिळाली. मामांच्या त्या पोरग्याला तोंवर तेहेतीस वर्षें झालीं होतीं. वाट पाहणारी आई तोंपर्यंत राहिली असेल का?

मामांशीं मी एकदां वाद घातला होता. मीं म्हटलें, "पण मामा, हातपाय बांधून परत पाठविण्यापेक्षां विचारणं बरं नव्हे का?"

"शंभर वेळां बरं," मामा म्हणाले. "मी विचारूं नका म्हणत नाहीं. पण ज्याला उत्तराची गरज आहे त्यानं विचारूं नये. त्या दोघांना उत्तर हवं होतं रे. तो पोरगा कोणालाच नको होता."

मामांना जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. ज्या दोन गोटांनीं तो तंबू उभारला होता त्यांतल्या एकाचा धनी, सोव्हिएत संघ, १९९१ मध्यें मोडला. कोरियांतली रेषा मात्र अजून तशीच आहे; तेथें युद्धविराम झाला, तह आजतागायत झालेला नाहीं. वर्षानुवर्षें मी हा धडा नकाशावर काठी ठेवून शिकवीत आलों. रशिया येथें, अमेरिका तेथें, मध्यें ३८ वा अक्षांश. महासत्तांचा लोभ किती निर्दय असतो, हें मी मोठ्या तावातावानें मुलांना सांगत असें. त्या लोभाला फौज लागत नाहीं, मुंजीच्या सतरंजीवर बसलेल्या एका आजोबालाही तो पुरतो, हें कळावयास मला ऐशी वर्षें लागलीं.

मुंजीनंतरच्या रविवारीं संध्याकाळीं सून नेहमींप्रमाणें मुलाला न्यावयास आली. ती आमच्या उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. जिन्याच्या पायरीवर उभी राहते. आणि दर रविवारीं बूट घालतां घालतां मी नातवाला हळूच विचारीत असें, "अजून एक दिवस राहावंसं वाटतं ना रे?" तिला ऐकूं जाईल इतपतच हळू. "वाटतं" असें तो म्हणे, आणि मला आठवडाभर पुरेल इतकें समाधान मिळे. पायरीवर तिच्या मुद्रेवर काय उमटतें तेंही मी पाहून ठेवीत असें.

त्या दिवशीं मीं खालीं बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. सवयीनें प्रश्न ओंठांपर्यंत आला, आणि पोराची मान थोडी खालीं झाली. त्यालाही तो येणार हें ठाऊक होतें! उत्तर तयार ठेवून तो उभा होता, दर रविवारीं उभा असे. तें पाहून माझ्या छातींत कांहीं तरी लक्कन हाललें. मीं नाडीची गांठ पक्की केली आणि कांहींच विचारलें नाहीं. त्यानें वर पाहिलें, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग पुढच्या शनिवारीं पतंगाला शेपूट लावावयाची आहे, कागद आणून ठेवा, असें मला बजावलें.

मी दारापर्यंत गेलों. सुनेला म्हटलें, "चहा टाकला आहे. घोटभर घेऊन जा." ती क्षणभर घुटमळली. उशीर होतो आहे, पुन्हां केव्हां तरी घेईन, असें म्हणाली आणि मुलाचा हात धरून पायऱ्या उतरूं लागली. वळणावर मुलानें हात हालविला. मीही हालविला. तीही एकदां मागें वळली. मग जिन्यावरचीं पावलें ऐकूं येईनाशीं झालीं, आणि मी पतंगाचा कागद कोणत्या दुकानांत मिळेल याचा विचार करीत आंत आलों.